दोर लावून झाडावर चढायला शिकायचं आहे: रॅपलिंगचं साहित्य चालेल का, सुरुवात कशी करावी?

कातळवाट

नमस्कार मंडळी,

दोर लावून झाडावर चढायला शिकायचं आहे. फांद्या छाटायला किंवा नारळ उतरवायला नाही, निव्वळ छंद म्हणून. वर जायचं, पानांत तासभर बसायचं, खाली यायचं. रॅपलिंग (दोरावरून कडा उतरणं) आणि थोडंफार प्रस्तरारोहण येतं. आठाची गाठ, प्रुसिक (बारीक दोरीच्या फासाची, दोराला आवळून धरणारी गाठ), बिले (दुसऱ्याचा दोर सांभाळणं) या गोष्टी नव्या नाहीत. पण कड्यावर माथ्यावरून अँकर लावता येतो. झाडावर सगळं खालूनच करायचं, तिथे गाडी अडते.

जागा मुळशीकडे, नातेवाइकांच्या शेतात. बांधावर एक जुना रायवळ आंबा, दोन चिंचा, एक जांभूळ आणि घराशेजारी गुलमोहर आहे. आंब्याची पहिली जाड फांदी ८ मीटरवर आहे, चिंचेची त्याहून जरा खाली.

हाताशी असलेलं साहित्य: १०.५ मिमीचा ५० मीटर स्टॅटिक दोर (बराच वापरलेला, कडक झालेला), बसायचा साधा हार्नेस, चार स्क्रूवाले कॅराबिनर (उघडझाप होणाऱ्या धातूच्या कड्या), फिगर ऑफ एट (उतरायचं धातूचं साधन), ६ मिमीचे दोन प्रुसिक, हेल्मेट.

विचारायचं असं: हे साहित्य पुरेल का? चढताना कोणती गाठ वापरायची? चारांपैकी कोणतं झाड घ्यावं? दोर फांदीवरून टाकायचा कसा? आणि झाडाला इजा होऊ नये म्हणून काय पाहायचं?

दोरखंड

नमस्कार. झाडाबद्दल दुसरं कोणी सांगेलच, मी दोर आणि गाठीबद्दल लिहितो.

छंद म्हणून झाडावर चढण्याची शिस्तशीर पद्धत १९८३ साली अमेरिकेत अटलांटा इथे पीटर जेनकिन्स यांनी सुरू केली. तिथे नवख्यांना शिकवतात ती दुहेरी, सरकत्या दोराची पद्धत. तुम्हीही तिथूनच सुरू करा. एकेरी, स्थिर दोरावर जुमारने (दोर पकडून वर सरकणाऱ्या साधनाने) चढणं तुम्हाला ओळखीचं वाटेल आणि मोह होईल, पण ते नंतर.

दुहेरी पद्धत अशी. दोर फांदीवरून टाकलेला असतो, दोन्ही पदर खाली. एका पदराचं टोक तुमच्या हार्नेसला बांधलेलं, दुसऱ्या पदरावर तुमच्याच हार्नेसला जोडलेली एक फ्रिक्शन हिच, म्हणजे घर्षणाने दोर धरणारी, सरकवता येणारी गाठ. दुसरा पदर खाली ओढला की पहिला तुम्हाला वर घेतो आणि हिच तिथेच धरून ठेवते. वजन दोन पदरांत वाटलं जातं, म्हणून हिचवर साधारण निम्माच भार येतो. किंमत एवढीच की एक मीटर वर जायला दोन मीटर दोर ओढावा लागतो. याचा मोठा फायदा: तुम्ही केव्हाही, कुठल्याही उंचीवर, काहीही न बदलता खाली येऊ शकता. रॅपलिंगला चढणं वेगळं आणि उतरणं वेगळं, इथे दोन्ही एकाच गाठीवर.

आता साहित्य. १०.५ मिमीचा दोर मुठीत नीट बसत नाही. तासभर ओढायचा असेल तर बोटं वळून जातात, आणि जुन्या, कडक आवरणाच्या दोरावर हिच चावत नाही. तो दोर रॅपलिंगलाच ठेवा. यासाठी कमी ताणाचा ११.५ ते १३ मिमीचा दोर घ्या, झाडावरच्या कामासाठी विणलेला मिळाला तर उत्तमच. नाहीतर इएन १८९१ प्रकार ए (कमी ताणाच्या दोरांचं युरोपीय मानक) असं लिहिलेला ११ मिमीचा, मऊ हाताचा. क्लाइंबिंगचा डायनॅमिक, म्हणजे ताणला जाणारा दोर नको. प्रत्येक ओढीत निम्मी मेहनत ताणात जाते. लांबीचा हिशोब सोपा आहे: फांदीच्या उंचीची दुप्पट, अधिक गाठींना ३-४ मीटर. १२ मीटरवरच्या फांदीला २८ मीटर लागतो. ४५ मीटरचा दोर घेतला तर २० मीटरपर्यंतचं झाड निघतं.

कॅराबिनर तीन हालचालींनी उघडणारे, आपोआप बंद होणारे घ्या, किमान दोन. स्क्रूवाला कॅराबिनर फांदीला आणि दोराला घासून घासून उघडतो. कड्यावर हे क्वचित घडतं, झाडात नेहमीचं आहे. फिगर ऑफ एट घरी ठेवा, लागणार नाही. हार्नेस सुरुवातीला चालेल, मात्र मांडीचे पट्टे अरुंद असतील तर पंधरावीस मिनिटांत पाय बधिर व्हायला लागतात. पुढे रुंद पट्ट्यांचा, कमरेच्या दोन बाजूंना जोडलेला आडवा दोर असलेला झाडाचा हार्नेस घ्यावा लागेल.

गाठ: ब्लेक हिच. ऑस्ट्रियाच्या हाइन्झ प्रोहास्का यांनी ती १९८१ मध्ये मांडली होती, जेसन ब्लेक यांनी १९९४ मध्ये झाडावर काम करणाऱ्यांपर्यंत पोहोचवली आणि नाव त्यांचं लागलं. प्रुसिकऐवजी हीच का, तर प्रुसिक भार आल्यावर आवळून बसतो, अंगाचं वजन असताना खाली सरकवता येत नाही. ब्लेक भाराखालीही सरकते.

बांधायची कशी ते नीट वाचा. दोराचं टोक आठाच्या गाठीने हार्नेसच्या कॅराबिनरला बांधा, पण गाठीबाहेर शेपूट सव्वा मीटर सोडा. या शेपटाने हिच बांधायची. गाठीपासून ३५-४० सेंमी सोडून (हा झाला पूल) शेपूट दुसऱ्या पदराभोवती खालून वर चार वेढे गुंडाळा. पहिले दोन वेढे अंगठ्यावरून घ्या म्हणजे तिथे जागा राहते, वरचे दोन घट्ट. चौथ्या वेढ्यानंतर टोक खाली आणा, पुलाच्या पुढून घ्या, मग त्याच दुसऱ्या पदराच्या मागून नेऊन अंगठा होता त्या खालच्या दोन वेढ्यांच्या आतून बाहेर काढा. सगळं नीट बसवून आवळा आणि उरलेल्या टोकावर आठाची गाठ मारा. ही शेवटची गाठ विसरली तर टोक हळूहळू आत ओढलं जातं आणि हिच सुटते.

पुलाच्या पुढून हे मुद्दाम लिहिलंय त्याला कारण आहे. टोक पुलाला वळसा न घालताच वेढ्यांत खुपसलं तर दिसायला गाठ जवळजवळ तशीच दिसते, हलक्या ओढीला धरतेसुद्धा, आणि वर गेल्यावर अचानक सुटते. म्हणून जमिनीवर एकमेकांच्या गाठी तपासायच्या. चार वेढे मोजायचे, टोक खालच्या दोनांतून आलंय का पाहायचं, पुलावरचा आडवा पदर बोटाने दाखवायचा.

पुलाची लांबीही हातावर बेतून घ्या. लटकल्यावर हिच कोपर किंचित वाकलेल्या हाताच्या टप्प्यात हवी. पूल लांब झाला तर हिच हाताबाहेर जाते आणि माणूस तिथेच टांगलेला राहतो.

फक्त हातांनी ओढून पाचसहा मीटरच्या वर कोणी जात नाही. हिचच्या खाली त्याच पदरावर तुमचा ६ मिमीचा प्रुसिक तीन वेढ्यांनी लावा आणि त्याचा पायासाठी फास करा. गुडघा काटकोनात वाकलेला असताना प्रुसिक कमरेच्या जरा खाली यावा एवढी लांबी. पायावर उभं राहायचं आणि उभं राहता राहताच एका हाताने हिच वर सरकवायची. मग बसायचं, प्रुसिक वर घ्यायचा, पुन्हा उभं. पाय शरीराखाली सरळ खाली ढकला. पुढे ढकललात तर अंग मागे कलतं आणि सगळा भार दंडांवर येतो. नवख्यांची दमछाक बहुतेक यानेच होते.

दर २-३ मीटरला पायाच्या फासाखाली पदरावर एक आठाची दुहेरी गाठ मारून ठेवा. हिच घसरलीच तर त्या गाठीवर येऊन अडते. उतरताना एकेक सोडत या. दोर जमिनीपर्यंत पोहोचत असो वा नसो, टोकाला गाठ हवीच.

उतरताना हिच मुठीत आवळायची नाही. तळहात वरून ठेवून हळूच खाली दाबायची, दुसरा हात हिचखालच्या पदरावर. घाबरलेला माणूस मूठ आवळतो, मूठ आवळली की हिच मोकळीच राहते आणि वेग वाढतो. १० मीटरला निदान एक मिनिट लावा. भरभर उतरलात तर गाठीतला दोर तापतो, वरचं आवरण वितळून काचेसारखं गुळगुळीत होतं, आणि पुढच्या वेळी तेवढ्या भागावर हिच धरत नाही. अशी चकाकी दिसली की तेवढं टोक कापून टाका.

पहिले काही दिवस जमिनीपासून दोन मीटरच्या वर जाऊ नका. त्या उंचीवर चढा, उतरा, मुद्दाम हात सोडून बसा, डोळे मिटून गाठ बांधा. उतरणं हाताला बसल्याशिवाय उंची वाढवायची नाही.

सालपान

दोरखंड यांना पूर्ण अनुमोदन. आता झाडाकडे वळू, कारण गाठ कितीही पक्की असली तरी शेवटी सगळं त्या एका फांदीवर आहे.

चारांपैकी चिंच घ्या. चिंचेचं लाकूड चिवट, फांद्या वाकतात पण सहसा काडकन मोडत नाहीत, पानं बारीक असल्याने खालून बेचकं स्पष्ट दिसतं. शिकायला याहून चांगलं झाड आपल्याकडे क्वचितच.

जांभूळ सोडा. फांदी दिसायला धडधाकट आणि मोडायला ठिसूळ. जांभळं काढताना माणसं पडतात ती यामुळेच. गुलमोहरही नको: लाकूड हलकं, मुळं उथळ, जुन्या झाडात आतून पोकळी. शेवगा, सुबाभूळ, निलगिरी यांचीही तीच गत. काटेसावर आणि पांगारा यांच्या खोडावर काटे असतात, त्यामुळे तो प्रश्नच येत नाही.

रायवळ आंबा चांगला, पण तपासून. आंब्याला खोडकिडा लागतो. बुंध्याशी किंवा फांदीच्या बेचक्यात ओलसर लाकडाचा भुसा साचलेला दिसला, सालीला भोकं दिसली, तर आत बोगदे आहेत असं समजा. दुसरं म्हणजे बांडगूळ. ते जिथे रुजतं तिथे फांदी फुगते आणि त्याच्या पुढचा भाग उपासमारीने वाळत जातो. बांडगूळ असलेल्या फांदीवर दोर टाकायचा नाही.

तपासणी नेहमी दुरून जवळ, खालून वर. आधी झाडापासून वीस पावलं लांब उभे राहून चारी बाजूंनी बघा: झाड नुकतंच कललंय का, एका बाजूचा शेंडा सुकलाय का, वर तुटून अडकलेली फांदी आहे का. विजेची तार १० मीटरच्या आत असेल तर ते झाड विसरा. ओला दोर आणि हिरवी फांदी दोन्ही वीज वाहतात. शेताच्या बांधावरून कृषिपंपाची लाइन गेलेली असते, ती पानांत दिसत नाही, खांब कुठून कुठे जातात ते पाहून अंदाज घ्या.

मग बुंधा. एका बाजूची माती उचलली गेलीय का, भेग पडलीय का? बांध नांगरताना, पाइपलाइनसाठी चर खणताना एका बाजूची मुळं तुटलेली असतात आणि वरून काही कळत नाही, म्हणून शेतमालकाला विचारा. बुंध्यावर पंख्यासारखी कडक अळंबी असेल तर आत लाकूड कुजतंय. लाकडी हातोडीने खोड चहूबाजूंनी ठोकून बघा, भरीव आणि पोकळ आवाजातला फरक लगेच कळतो.

दोर जिथे बसणार ती फांदी तिथे किमान १५ सेंमी जाड, जिवंत, आणि दोर खोडाला जितका चिकटून तितका चांगला. फांदी खोडाला जोडलेली असते तो सांधा बघा, दुर्बीण असेल तर दुर्बिणीने. सांधा गोलसर, पसरट असेल तर बळकट. दोन फांद्या एकमेकींना घासून अरुंद टोकदार बेचकं झालं असेल आणि त्यात साल आत दबलेली असेल, तर लाकूड लाकडाला जुळलेलंच नाही. असा सांधा भाराखाली उभा चिरतो.

दोर बसला की चढण्याआधी भार देऊन बघायचं. दोन माणसांनी हेल्मेट घालून दोन्ही पदर एकत्र धरायचे, आधी हळूहळू लटकायचं, मग थोडं हिसके द्यायचे. म्हणजे एका माणसाच्या दुप्पट वजन फांदीवर आलं. नजर वर आणि कान उघडे. कर्र असा आवाज आला, कचरा पडला, फांदी जाऊन परत आली नाही, तर दुसरी फांदी.

इजेबद्दल विचारलंत, बरं वाटलं. दुहेरी पद्धतीत दोर फांदीवरून सतत सरकत असतो आणि एकाच जागी साल कापत जातो. सालीखालच्या जिवंत थरापर्यंत गेला तर ती जखम कायमची, तिथून किडा आणि बुरशी दोन्ही शिरतात. म्हणून दोर आणि फांदी यांच्यामध्ये काहीतरी हवंच. रॅपलिंगला कड्याच्या धारेवर जे रोप प्रोटेक्टर वापरता, त्यातला नळीसारखा, जाड कॅनव्हास किंवा चामड्याचा इथे चालतो. त्याच्या एका टोकाला पातळ दोरी बांधून ती खाली ठेवा, म्हणजे तो जागेवरून सरकत नाही. पुढे दोन कड्यांचा पट्टा मिळवा: एक कडं मोठं, एक लहान, दोर दोन्हींतून जातो. फांदीला घासणं शून्य आणि ओढायलाही कमी जोर. काढताना दोराच्या टोकाला गाठ मारून मोठ्या कड्याच्या बाजूने ओढायचा. गाठ मोठ्यातून जाते, लहानात अडते आणि पट्टा खाली येतो. खाली उभा माणूस हेल्मेटमध्ये हवा, कारण लोखंड डोक्यावर येतं.

बुटाला खिळे लावून जिवंत झाडावर चढू नये. तसंच मुळशीच्या हवेत जुन्या आंब्याच्या फांदीवर शेवाळ, नेचे आणि आमरी (ऑर्किड) असतात. आमरीचा एक झुबका तयार व्हायला कैक वर्षं लागतात आणि दोराच्या एका ओढीत तो खाली येतो. दोर टाकण्याआधी फांदीवर काय वाढलंय ते बघा, आणि तिथे आमरी असेल तर फांदी बदला.

ढोली दिसली तर आधी काही दिवस लांबून लक्ष ठेवा. मार्च ते जून धनेशाची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर बाहेरून फटीतून भरवतो. माणूस जवळ असला की नर येत नाही, आत मादी आणि पिल्लं उपाशी. घरटी आणि अंडी यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, पण कायदा नसता तरी त्या झाडावर जायचं नाही.

कातळवाट

दोघांचेही मनापासून आभार. चिंच नक्की केली, ठोकून पाहिली, भरीव आहे. ११.७ मिमीचा ४५ मीटर नवा दोर घेतला.

दोन अडचणी. एक, सुतळीला दगड बांधून फांदीवरून टाकायचा प्रयत्न केला तर दगड बेचक्यात अडकतो, आणि सुतळी सालीवर घासून पुढे सरकतच नाही. दोन, नव्या दोरावर ब्लेक एक मीटरवर बसून बघितली: कधी धरते, कधी अंगभर घसरून मग धरते. वेढे चार आहेत, टोक पुलाच्या पुढूनच आहे.

दोरखंड

नवा दोर कारखान्यातून येतो तेव्हा त्याच्या धाग्यांवर गुळगुळीत लेप असतो. कोमट साध्या पाण्यात तासभर भिजवा, साबण नको, दोनतीनदा पाणी बदला, सावलीत पसरून वाळवा. दोर किंचित आखडेल आणि पकड सुधारेल.

त्याने भागलं नाही तर हिचसाठी वेगळा, मऊ, १० मिमीचा तुकडा वापरा. दोराचं टोक गाठ मारून कॅराबिनरला, आणि हा वेगळा तुकडाही दुसऱ्या कॅराबिनरला. त्यानेच ब्लेक बांधायची. हिचचा तुकडा मुख्य दोरापेक्षा थोडा बारीक असला की चांगला चावतो. शिवाय झिजतो तो हा तुकडा, तो बदलला की काम भागलं. तुकडा नायलॉन किंवा पॉलिस्टरचाच घ्या. डायनीमा हा कृत्रिम धागा साधारण १४५ अंशांनाच वितळतो, घर्षणाच्या गाठीला तो कधीही नाही.

आणखी एक बघा. हिच बांधल्यावर ती आवळून, वेढे एकमेकांना लागून बसवता का? वेढ्यांत फटी असतील तर भार आल्यावर आधी त्या मिटतात, म्हणून अंगभर घसरून मग धरते. प्रत्येक वेळी वर सरकवल्यावर पुलाला एक छोटा हिसका द्यायची सवय लावा.

वळचण

फेकण्याबद्दल. दगड आणि सुतळी दोन्ही बाद. दगडाला कोपरे असतात, तो बेचक्यात पाचरीसारखा बसतो. सुतळी केसाळ, सालीला धरते. हवी ती गुळगुळीत २ मिमीची थ्रो-लाइन (फेकायची बारीक दोरी), ५० मीटर, आणि ३०० ते ४०० ग्रॅमची लांबट, निमुळती थ्रो-बॅग (दोरीच्या टोकाला बांधायची वजनाची पिशवी). बॅग घरी करता येते: जाड कॅनव्हासची दुहेरी शिवलेली पिशवी, आत बारीक छर्रे किंवा चाळलेली कोरडी वाळू, वर कडी. वाळूची बॅग छर्‍यांच्या बॅगेपेक्षा मोठी होते, तेवढी जास्त अडकते. ३०० ग्रॅमची उंच जाते. ४०० ची उंच जायला जड, पण खरखरीत सालीवरून दोरी ओढून खाली आणते. चिंचेच्या सालीला ४०० घ्या.

फेकण्याआधी दोरी घमेल्यात किंवा रुंद बादलीत सैल, वेटोळं न करता, नुसती पडेल तशी सोडा. जमिनीवर ठेवली तर प्रत्येक काडी तिला धरते आणि फेक अर्ध्यात थांबते.

८ मीटरपर्यंत एका हाताने, हात खाली ठेवून झोका देऊन फेकता येते. त्याच्या वर दोन्ही हातांनी: बॅगेच्या कडीतून दोरीचा एक पदर ओढून दोन हातांत दोन टोकं धरा, बॅग पायांमध्ये गुडघ्याच्या खाली लोंबू द्या, दोनतीन झोके आणि सोडा. दोन्ही हात एकाच क्षणी सुटले पाहिजेत. फेक उंचीने नव्हे, सरळपणाने चुकते. फांदीच्या अगदी खाली उभे राहू नका, ३-४ मीटर मागे. आणि हव्या त्या बेचक्यावर नेम धरण्यापेक्षा त्याच्या वरून, पलीकडे टाका, मग हळूहळू मागे ओढत बॅग बेचक्यात आणा.

भलत्याच फांदीवरून गेली तर बॅग खाली येईपर्यंत सोडा, बॅग काढा, दोरी तशीच मागे ओढा. बॅगेसकट कधीही मागे ओढू नका, अडकते ती तेव्हाच. अडकलीच तर दोरी ताणून हिसका देणं सर्वांत वाईट: सुटली की सरळ तोंडावर येते. दोरी ढिली करा, मनगटाने लाट पाठवा, बाजूला जाऊन कोन बदला. दोरी हाताला गुंडाळून ओढू नका, बोट कापतं.

दोर वर ओढताना दोर आणि थ्रो-लाइन यांचा जोड निमुळता हवा. दोराच्या टोकापासून पाऊण हात मागे थ्रो-लाइनने खुंटीगाठ मारा, मग टोकाकडे येत दोनतीन अर्ध्या गाठी, वरून चिकटपट्टी. जोडाचं नाक बेचक्यात अडलं तर मागे घ्या, किंचित गोल फिरवा, पुन्हा ओढा. थ्रो-लाइनवर माणसाने कधीही भार द्यायचा नाही.

पानगळ

सगळं छान चाललंय, पण अजून कोणी वर काय भेटतं आणि खाली कोण असावं हे लिहिलं नाही, म्हणून.

पहिलं, आग्या मोहोळ. पोळं झाडावर असेल तर ते झाड नाही, आणि शेजारच्या झाडावर असेल तरीही नाही. उग्र अत्तर, डिओ, धूर, दोराचा फटका, यातलं काहीही त्यांना पुरतं. चिंचेच्या शेंड्याकडून लोंबणारी पोळी खालून पानांत दिसत नाहीत. सकाळी उन्हाच्या विरुद्ध बाजूने दुर्बिणीने बघा. रिकामं पोळंही पुन्हा भरतं. वर असताना माश्या उठल्याच तर हात झटकत बसायचं नाही, सरळ उतरायचं. दोर जमिनीपर्यंत पोहोचलेला हवा तो यासाठीच.

तांबडे मुंगळे, कोकणात ज्यांना ओंबील म्हणतात, ते पानं शिवून घरटी करतात. घरटं दिसलं नाही तरी दोरावरून ओळ चालत आली की समजा. चावा धोक्याचा नाही, पण हिचवर हात असताना हात झटकला जातो, तो धोका. हरणटोळ आणि चापडा हे साप फांदीसारखेच दिसतात. हात टाकण्याआधी नजर टाका. पावसाळ्यानंतर खाजकुइलीचे वेल झाडावर चढलेले असतात. शेंगांची कुसं दोराला लागली की दोर धुवेपर्यंत खाज जात नाही.

शहरालगत संक्रांतीनंतर झाडांत मांजा अडकलेला असतो. नायलॉन मांजावर २०१७ पासून देशभर बंदी आहे, तरी झाडांत तो सापडतोच. काचेचा लेप असलेला मांजा आणि ताणलेला दोर एकमेकांवर घासला तर दोराचं आवरण कापतं. दिसला की आधी तो काढायचा, नंतर चढायचं.

मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसात साल शेवाळते, ओला दोर फुगून हिच आवळते. एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर वळीव आणि विजा. तेव्हा चढायचं असेल तर सकाळी, आणि ढग भरले की उतरायचं. देवराईत चढू नका, ती गावाची श्रद्धा आहे. राखीव जंगलात वनखात्याची, बागेत महापालिकेच्या उद्यान विभागाची, शेतात मालकाची परवानगी. लोकांकडून पैसे घेऊन हे करवायचं असेल तर राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे नोंदणी लागते.

आता खालचा माणूस. एकट्याने चढायचं नाही, आणि खालच्याला फक्त फोन करता येणं पुरेसं नाही. वर माणूस निपचित टांगला तर काही मिनिटांतच पायांत रक्त साचायला लागतं, अग्निशमन दल येईपर्यंत मुळशीत केवढा वेळ जाईल! म्हणून शेजारच्या फांदीवर दुसरा दोर आधीच लावलेला हवा आणि खालच्याला त्यावर चढता यायला हवं.

दुसरा मार्ग एकेरी दोराचा: एक टोक बुंध्याशी उतरवता येईल अशा साधनात ठेवायचं, म्हणजे खालचा माणूस जमिनीवरूनच वरच्याला उतरवू शकतो. त्याला दोर उंचीच्या तिप्पट लागतो. १५ मीटरला तुमचा ४५ चा दोर संपला. आणि त्यात फांदीवर भार वजनाच्या दुप्पट येतो, कारण दोन्ही पदर पूर्ण ताणात असतात. साहित्यासकट ८० किलोचा माणूस म्हणजे फांदीवर १६० किलो, प्रत्येक झोक्याला त्याहून जास्त. फांदीची निवड त्या हिशोबाने.

सालपान

पानगळ यांच्या मुद्द्याला जोडून एकच. पहिल्या फांदीवर पोहोचलात की पुढच्या फांदीवर दोर टाकायचा मोह होतो. तोवर ३-४ मीटरची, लांबी कमीजास्त करता येणारी दुसरी छोटी दोरी कमरेला हवी. आधी ती खोडाभोवती घेऊन हार्नेसच्या दोन्ही बाजूंना अडकवायची, तीवर वजन टाकून बघायचं, आणि मगच मुख्य दोर सोडायचा. आणि दोर जिथे बसलाय त्याच्या वर कधी चढायचं नाही. कमी ताणाचा दोर पडलेल्या माणसाचा झटका पचवत नाही. मीटरभर ढील असली तरी कमरेला आणि फांदीला जबर बसतो. बाजूच्या फांदीवर चालत जातानाही दोर ताणलेला ठेवा. आणि उभ्या रेषेपासून ४५ अंशांपेक्षा बाहेर जाऊ नका, पाय सटकला तर तेवढाच झोका खोडावर येऊन आदळतो.

कातळवाट

दोर धुऊन वाळवला, हिचसाठी १० मिमीचा वेगळा तुकडा लावला. आता मीटरभर उंचीवर हिच लगेच धरते. थ्रो-बॅग ४०० ग्रॅमची शिवायला टाकली आहे. भाऊही सोबत शिकतोय, दुसरा दोर त्याच्यासाठी शेजारच्या चिंचेच्या फांदीवर लावू. त्या कमरेच्या छोट्या दोरीला किती जाडी लागेल, आणि तिची लांबी कमीजास्त करायला प्रुसिक चालेल का?

दोरखंड

मुख्य दोराचाच ११.७ मिमीचा तुकडा, ४ मीटर. एका टोकाला कॅराबिनर, दुसऱ्या बाजूला ८ मिमीचा प्रुसिक तीन वेढ्यांनी. चालतो, कारण इथे भार असताना सरकवायचा नसतो. लांबी बसवायची ती पायावर किंवा मुख्य दोरावर वजन असताना. टोकाला गाठ मारायला विसरू नका, नाहीतर प्रुसिक टोकावरून निसटतो. ६ मिमीचा जो पायाला लावताय तो इथे वापरू नका.